लढा, लढाई, झुंज, संघर्ष: कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे: सामाजिक चळवळींवरच्या लेखनात लढा, लढाई, झुंज, संघर्ष हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? ‘महिलांचा पाण्यासाठी संघर्ष’ लिहावं की ‘लढा’?

माझ्या मते चालत नाहीत. लढा आणि संघर्ष यांची अदलाबदल तर अर्थच फिरवते.

आधी लढा आणि लढाई. त्यांच्यामागची षष्ठी पाहा. पानिपतची लढाई, खर्ड्याची लढाई, आष्टीची लढाई: लढाई एखाद्या ठिकाणी होते, निकाल लागतो, संपते. लढ्यामागे मागणी येते किंवा माणसं: संयुक्त महाराष्ट्राचा लढा, गिरणी कामगारांचा लढा. ‘बारडोलीचा लढा’ म्हणतो तेव्हाही बारडोली ही रणभूमी नसते, सारा भरायला नकार देणारे तिथले शेतकरी असतात. लढ्याला शस्त्र लागत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, तो लढाच होता.

झुंज हे संस्कृत ‘युध्’चं प्राकृतातून आलेलं रूप. कोंबड्यांची झुंज, टोणग्यांची झुंज असं आपण म्हणतो, म्हणजे अंगाला अंग भिडलेलं हवं. आणखी एक छटा आहे: ‘कडवी झुंज दिली’ हे बहुधा हरलेल्याबद्दल बोललं जातं. बळ कमी, तरी मागे हटला नाही, हा मान त्या शब्दात आहे. म्हणूनच ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ असा मथळा मला सहन होत नाही. आजारी माणूस कशात नापास झालेला नसतो.

आता संघर्ष. सम् अधिक घृष्, मुळात घासणं. घर्षण त्याच धातूचं. दोन गोष्टी एकमेकींवर घासल्या, एवढंच तो सांगतो. आगळीक कुणाची, हे सांगत नाही. मानव-वन्यजीव संघर्ष म्हणून तो अगदी नेमका आहे. पण एखाद्या वस्तीवर हल्ला होतो आणि बातमीत ‘दोन गटांत संघर्ष’ छापून येतं, तेव्हा मारणारा आणि मार खाणारा एकाच पंगतीत बसतात. हे अजाणता झालं तरी अन्यायच आहे.

याच शब्दाला चळवळीने मात्र दुसरा चेहरा दिला. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यात ‘करा’ आहे. करणारा ठरलेला आहे, दिशाही ठरलेली आहे. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा त्रिसूत्री संदेश इंग्रजीत दिला, तेव्हा त्यांचा क्रम शिका, चेतवा, संघटित व्हा असा होता. आपली लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नसून स्वातंत्र्यासाठी आहे, माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, असंही ते त्याच भाषणात म्हणाले. तेव्हा ‘संघर्ष करणे’ आणि ‘यांच्यात संघर्ष होणे’ हे जवळजवळ वेगळे शब्द धरावेत.

रणांगणातले शब्द रोजच्या बोलण्यात येणं काही नवं नाही. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ म्हणताना तुकोबांनी युद्ध मनातही नेलं. मोहीम आता लसीकरणाची असते, आघाडी निवडणुकीची. मोर्चा तर किल्ल्याच्या वेढ्यातला: तोफा डागण्यासाठी रचलेला आडोसा. तो अर्थ आज ‘मोर्चेबांधणी’त तेवढा शिल्लक आहे. एका जागी रोवून बसायचा मोर्चा चालू लागला आणि कचेरीच्या दारापर्यंत गेला, हा बदल मला फार आवडतो.

आता तुमचं वाक्य. बायका रोज डोक्यावर हंडे घेऊन मैलभर जात असतील आणि तुम्ही त्या कष्टांबद्दल लिहीत असाल, तर ‘संघर्ष’ चालेल. ‘पाण्यासाठी वणवण’ त्याहून बरं. पण त्याच बायकांनी हंडा मोर्चा काढला असेल, टँकरऐवजी कायमची नळयोजना मागितली असेल, तर ‘लढा’च लिहा.