सोलापूरहून म्हैसूरला चाललोय, आई आणि दोन मुलं बरोबर आहेत. श्रीरंगपट्टणला अर्धा दिवस पुरेल का?

नाही पुरत. आणि मिनीबसवाल्याच्या भरवशावर तर जाऊच नका.

आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो. बस ठरवली साडूंनी. ड्रायव्हरनं दर्यादौलत म्हणजे टिपूचा उन्हाळी महाल, त्याच्या कबरीचा घुमट, देऊळ एवढं उरकलं आणि घड्याळ बघायला लागला, कारण संध्याकाळी वृंदावनची कारंजी गाठायची होती. मी म्हटलं, कर्नल बेलीची कोठडी? तर क्लीनरला म्हणतो, "अल्ली एनू इल्ला." त्याला वाटलं, ह्यांना काय कळतंय. अहो, आम्ही सोलापूरचे; आमच्या गल्लीत निम्मी भांडणं कानडीत होतात.

तिथं काही नाही कसं? दर्यादौलतच्या भिंतीवर १७८० ची पोल्लिलूरची लढाई रंगवलीय, हैदर-टिपूनं इंग्रजांना हरवलं ती. त्यात हा इंग्रज फौजेचा बेली पालखीत बसलाय, तोंडात बोट घालून. पोरं हसत होती त्याला. तोच बेली १७८२ ला इथंच कैदेत मेला. ती कोठडी सोडून यायचं म्हणजे नुसती शेंगाचटणी चाटून ताटावरून उठायचं.

मी धाकट्याला घेतलं आणि रिक्षा केली. तटाच्या आत, पायऱ्या उतरून खाली. विटांच्या बुटक्या कमानी, भिंतीतून पुढं आलेले दगड, त्यांना साखळदंड ओवायची भोकं. पोरानं एका भोकात बोट घातलं, लगेच काढून शर्टाला पुसलं. बोलला काही नाही. मग ४ मे १७९९ ला टिपूचं प्रेत सापडलं ती जागा बघितली. परत यायला पाऊण तास उशीर झाला, कारंजी हुकली.

साडू अजून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात, "ह्यांच्या पायी वृंदावन बुडालं. टिपूचा आपला काय संबंध?" टिपूविरुद्धच्या १७९२ च्या वेढ्यात पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके, त्यांची फौज त्याच तटाबाहेर होती, हे मी त्यांना तीनदा सांगितलंय. ते दर वेळी जिलेबी मागतात.

तुम्ही सकाळीच म्हैसूरहून निघा, पंधराएक किलोमीटर तर आहे. आधी तट आणि कोठडी, मग रंगनाथस्वामी. दुपारी देऊळ बंद असतं. दर्यादौलत उन्हाच्या वेळेला ठेवा, आत सावली आहे. हां, आईंचे गुडघे धरत असतील तर कोठडीच्या पायऱ्या नकोत, त्यांना देवळातच बसवा. कावेरीच्या संगमावर पोरांचा हात सोडू नका.

वृंदावन दुसऱ्या दिवशी. आणि बस ठरवायला साडूंना सांगू नका.