पात्याच्या भोकापायी आख्खं यंत्र बदलायचं का?

वाचकाचा प्रश्न: माझा राइडिंग लॉन मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, सात वर्षांचा आहे. इंजिन आणि गिअरपेटी ठणठणीत आहे. वर्षाला साधारण ८० तास चालतो. डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली, तीन पाती आहेत आणि त्यांच्या मधलं भोक ताऱ्याच्या आकाराचं आहे, त्यामुळे साध्या गोल भोकाची पाती बसत नाहीत. धार गेली की मी संच बदलतो, वर्षाला तीन संच होतात. आता विक्रेता सांगतो की हे मॉडेल बंद होतंय. त्याच्या मते एकतर सहा संच २० टक्के सवलतीत घेऊन ठेवावेत, नाहीतर बोल्ट न काढता झटकन बदलता येणाऱ्या पात्यांचा नवा मोअर घ्यावा. नव्या मोअरची किंमत पात्यांच्या ४० संचांइतकी आहे. त्यातला चौथा हिस्सा आणीबाणीसाठी ठेवलेल्या पैशातून द्यायचा आणि बाकीचे ३ वर्षांच्या हप्त्यांनी, १२ टक्के व्याजाने, असा विचार आहे. बाजारात निम्म्याहून थोड्या जास्त किमतीत दुसऱ्या कंपन्यांची त्याच ताऱ्याची पातीही मिळतात. काय करू?

उत्तर: नवा मोअर आत्ता घेऊ नका. सहा संचही घेऊ नका. दोन घ्या आणि पात्यांना धार लावायला सुरुवात करा.

तुम्ही किंमत संचांमध्ये सांगितलीत ते बरं झालं. हिशेबही त्याच मापात करू, म्हणजे कुठल्याही चलनात तो तसाच राहील. ४० संचांच्या यंत्राचे १० संच तुम्ही आधी देणार, उरले ३०. घटत्या शिलकीवर १२ टक्के दराने ३६ महिन्यांचा हप्ता जवळपास एका संचाइतका येतो. म्हणजे आज वर्षाला तीन संच जड वाटतात म्हणून तुम्ही वर्षाला बारा संचांचा हप्ता अंगावर घेणार आहात. नुसतं व्याजच सहा संचांच्या घरात जातं. नव्या मोअरला पाती फुकट मिळणार असती, तरी आजच्या तुमच्या खर्चाच्या गतीने ४० संच वसूल व्हायला तेरा वर्षं लागली असती. आणि पाती काही फुकट मिळणार नाहीत.

मुळात वर्षाला तीन संच हा आकडाच चुकीचा आहे. मोअरचं पातं ही दाढीची ब्लेड नव्हे, बोथट झालं की फेकायला. ते जाड पोलादाचं असतं आणि अनेकदा धार घेतं. साधारण २५ तास चालल्यावर धार लावायची हा ढोबळ नियम धरला, तर ८० तासांत तीन वेळा. जमीन रेताड किंवा खडकाळ नसेल तर एक संच अशा पाच-सहा धारा सहज काढतो, म्हणजे दोन वर्षं. खर्च वर्षाला अर्ध्या संचावर आला. धार बाहेरून लावून घेतलीत आणि दर वेळी संचाच्या दहाव्या हिश्शाइतके पैसे गेले असं धरलं, तरी सगळं मिळून पाऊण-एक संच. आज तीन जातात. तुमची खरी बचत इथे आहे, सव्वादोन संचांची, दरवर्षी, आणि तीही कर्जाशिवाय.

आता त्या ताऱ्याबद्दल. तुमच्या पत्रातला राग कंपनीने अडकवून ठेवल्याचा आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पाच, सहा, सात टोकांचे तारे, बो-टायच्या आकाराचं भोक, असे निरनिराळे आकार वेगवेगळ्या कंपन्यांनी वापरले आहेत. त्यामागे गिऱ्हाईक बांधून ठेवणं असेलही, पण यांत्रिक कारणही आहे. गोल भोकाचं पातं मुख्यतः बोल्टच्या आवळण्यावर टिकतं. ताऱ्याचं पातं स्पिंडलच्या, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याच्या, ताऱ्यात गुंततं, त्यामुळे ते बोल्टभोवती घसरत नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की दगडावर आपटल्यावर गोल भोकाचं पातं थोडं घसरून दणका पचवू शकतं, ताऱ्याचं पातं तो सरळ स्पिंडलकडे पाठवतं.

पैशाच्या दृष्टीने मात्र आकारापेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा: हे कुलूप किती पक्कं आहे? रेझर स्वस्त विकून ब्लेडवर कमाई करण्याची युक्ती जिलेटच्या नावावर खपवली जाते. प्रत्यक्षात १९०४ सालची त्यांची पेटंटं १९२१ मध्ये संपेपर्यंत त्यांचा रेझर चांगलाच महाग होता, तो स्वस्त झाला पेटंट संपत आलं तेव्हा. मालक रेझर आणि ब्लेड दोन्हीवर पैसे कधी घेऊ शकतो? दुसरा कोणी तीच वस्तू बनवू शकत नाही, तोवर. तुमच्या ताऱ्याची पाती दुसऱ्या कंपन्या बनवतात, हे तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे तुमचं कुलूप केव्हाच खिळखिळं झालंय. मॉडेल बंद झालं तरी पाती मिळायची वाट उघडी आहे. झटपट बदलायच्या पात्यांची जोडणी मात्र नवी आहे. एखाद्या रचनेवर पेटंट असेल तर ते सर्वसाधारणपणे अर्जापासून २० वर्षं चालतं, आणि तोवर पातं एकाच दारात मिळतं. ही तर आगीतून फुफाट्यात उडी झाली, वर हप्ते आहेतच.

मग इतरांची पाती घ्यावीत का? घेता येतात, पण स्वस्त आहेत एवढ्याच कारणासाठी नको. वर्षाला अर्धाच संच लागणार असेल, तर ४५ टक्के स्वस्त पात्यांनी वर्षाकाठी वाचतो तो पाव संचापेक्षा कमी. उलट भोक जरा सैल असेल तर पातं ताऱ्यात खुळखुळतं, भोकाची टोकं गोलावतात आणि मग स्पिंडलच्या ताऱ्याचीही. एका स्पिंडलची किंमत सहसा एका संचाच्या आसपास असते. चार वर्षांत एक स्पिंडल त्यापायी गेलं, की सगळी बचत गेली. चांगल्या बनावटीची इतर कंपन्यांची पाती मला मान्य आहेत, फक्त विकत घेताना जुनं पातं सोबत न्या. लांबी एका कापणाऱ्या टोकापासून समोरच्या कापणाऱ्या टोकापर्यंत, म्हणजे तिरपी मोजा. ताऱ्याची टोकं, मध्यभागाची जाडी आणि मागचा वर वळलेला पंखा जुळतोय का पाहा. बसवल्यावर बोल्ट आवळण्याआधी हाताने हलवून बघा. खेळ जाणवला तर परत करा.

काही जण तिन्ही स्पिंडल बदलून साध्या गोल भोकाची जोडणी करून घ्या असंही सुचवतील. तो खर्च तीन संचांच्या आसपास जाईल आणि वाचणार वर्षाला पाव संच. बेअरिंग गेल्यामुळे स्पिंडल बदलायचीच वेळ आली आणि तुमच्या डेकला जुळणारा तयार पर्याय मिळत असला, तर त्या वेळी विचार करा. आणि कोणी पात्याचं भोक कापून, वेल्डिंग करून 'बसवून देतो' म्हणाला तर त्याला नम्रपणे वाटेला लावा. अमेरिकेच्या अॅन्सी या मानक संस्थेच्या मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ताशी जवळजवळ ३४७ किलोमीटर. पाती या मर्यादेच्या बरीच जवळ फिरतात. त्या वेगाने सुटलेल्या तुकड्यासमोर कुठलीच काटकसर टिकत नाही.

सवलतीचं बोलू. सहा संच वर्षाला अर्धा संच या गतीने बारा वर्षं पुरतील. तुमचं यंत्र आजच सात वर्षांचं आहे, ते एकोणीस वर्षं चालेल यावर मी पैसे लावणार नाही. ते मध्येच गेलं तर उरलेली पाती भंगार, कारण तुमचा तारा दुसऱ्या यंत्राला बसेलच असं नाही. शिवाय २० टक्के सवलत दिसते तेवढी मोठी नसते. जो संच आठव्या वर्षी वापरायचा आहे त्यावर आज २० टक्के सवलत म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेतीन टक्के परतावा. भाव वाढले तर तो जास्त पडेल हे खरं, पण त्यासाठी आधी यंत्र जगायला हवं. दोन संच घ्या. सध्याचा धरून तीन होतील: एक यंत्रावर, एक धार लावून तयार, एक बाजूला. तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवले की पोलाद खराब होत नाही. दोनच संचांवर सवलत मिळत नसेल तर पूर्ण किंमत द्या. न लागणारे चार संच सवलतीत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

धार लावण्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुमच्या यंत्राचं पुस्तक माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. काही गोष्टी पैशाशी थेट जोडलेल्या आहेत म्हणून एवढंच. काम सुरू करण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर डेकखाली हात घालू नका. काही यंत्रांवर बोल्टचे आटे उलटे असतात. बोल्ट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी ते तपासा, नाहीतर आटे आणि स्पिंडल दोन्ही जातील. मूळचा कोन राखा आणि ग्राइंडरवर पोलाद निळं पडेपर्यंत तापवू नका, त्याने कडकपणा जातो. मग समतोल. पातं भिंतीतल्या आडव्या खिळ्यावर मधोमध लटकवा आणि जी बाजू खाली जाते तिथून आणखी थोडं घासा. असमतोल पात्याची थरथर बेअरिंग खाते, आणि बेअरिंग म्हणजे पुन्हा स्पिंडलचा खर्च. बसवताना पंख्याची बाजू वर, डेककडे. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्याएवढाच आवळा.

पातं कधी फेकायचं हेही ठरवून ठेवा, नाहीतर काटकसरीचं रूपांतर हट्टात होतं. तडा दिसला, पातं वाकलं, पंखा जिथून वर वळतो तिथलं पोलाद वाळूने झिजून पातळ झालं, किंवा ताऱ्याची टोकं गोलावली, की ते पातं संपलं. वाकलेलं ठोकून सरळ करू नका.

माझं उत्तर दोन परिस्थितींत बदलेल. तुम्ही पैसे घेऊन दुसऱ्यांची लॉन कापत असाल, तर पाती बदलण्यात जाणारा वेळ हा बुडालेला धंदा आहे आणि झटपट जोडणीला खरंच मोल आहे. किंवा पाठ-गुडघ्यांमुळे डेकखाली वाकणं जमत नसेल. पण तेव्हाही आधी धार लावून देणाऱ्याला यंत्र जागेवर बघायला बोलावण्याचा खर्च काढा. तो ४० संचांच्या जवळपासही जाणार नाही.

आता उरला तो हप्ता, जो द्यायची तुमची तयारी होतीच. दर महिन्याला एक संच नको, त्याचा निम्मा भाग वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला सहा संच होतात, धारेने वाचलेले सव्वादोन धरून सव्वाआठ. पाच वर्षांत ४१ संचांच्या वर, व्याज न धरता. गिअरपेटी गेली किंवा डेकचा पत्रा सडला, तर त्या दिवशी तुम्ही नवा मोअर रोखीने घ्याल, आणि आणीबाणीच्या पैशाला हात लागलेला नसेल. त्या वेळी विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी मागा: त्या नव्या यंत्राच्या पात्यांचा आणि स्पिंडलचा भाग क्रमांक, आणि तो क्रमांक कुठल्या दुसऱ्या कंपन्यांच्या यादीत जुळतो. दुसऱ्या गोष्टीच्या उत्तरात एकही नाव नसेल, तर पुढच्या दहा वर्षांच्या पात्यांची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवूनच घासाघीस सुरू करा.