गंगेत होडी घालण्याआधी

(वाचकांचे प्रश्न, काठावरून उत्तरं)

प्रश्न : मी परभणीत नोकरीला आहे, वय 34. गंगाखेडजवळ मामांचं शेत गोदावरीला लागून आहे. सुट्टीत काठावरून गळ टाकतो. तिलापिया मिळतो, कधीमधी मरळ. आता मामांच्या ओळखीतून एक जुनी पत्र्याची होडी स्वस्तात मिळते आहे. होडीतून मासेमारी कशी सुरू करावी? रॉड कोणता घ्यावा, आमिष काय वापरावं, मासा कुठं सापडेल?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तुमचं पत्र जागेअभावी कापून छापलंय. मूळ दोन पानांत रॉड-रीलच्या किमती होत्या, दोन मॉडेलांची तुलना होती. होडीच्या नांगराचा शब्द मात्र एकदाही नव्हता. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

मी भोयाच्या घरातला. पुढं पोस्टात चिकटलो, पण बापाचं वल्हं हातात धरतच वाढलो. वीस-बावीस वर्षांचा असेन. एकटाच होडी घेऊन गेलो आणि गळ नीट टाकता यावा म्हणून पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडाला होडी बांधली. मागच्या बाजूनं, हातभर दोर ठेवून, चांगली गच्च गाठ मारून. होडी हलेना, मी खूश. थोड्या वेळानं पाण्यावरून काटक्या आणि पिवळट फेस यायला लागला. मला त्याचा अर्थ कळला नाही. वर कुठंतरी धरणाची दारं उघडली होती. पाणी चढत होतं, होडीला वर यायचं होतं आणि माझा दोर तिचं बूड खाली धरून होता. मागून पाणी आत यायला लागलं तेव्हा गाठ सोडायला गेलो, तर ओल्या दोरावर अशी ताण बसलेली की नख शिरेना. बाप काठावरून ओरडला, "काय करायलास रे? गंगा काय दावणीची म्हैस हाय का बांधून ठेवायला? काप!" विळा होता म्हणून मी आज हे लिहितोय.

तेव्हा पहिलं काम हे. होडी थांबवायची ती नेहमी तोंडाकडून, वाहत्या पाण्याकडं तोंड करून. बाजूनं किंवा मागून बांधलेली होडी धारेत आडवी होते किंवा पाणी पिते. नांगर लोखंडी मिळाला तर उत्तम, नाहीतर जाळीच्या पिशवीत बांधलेला धोंडाही चालतो, फक्त गाळात तो घसरतो हे ध्यानात ठेवा. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा. तीन मीटर पाणी असेल तर पंधरा मीटर दोर. आखूड दोरानं नांगर उपटतो, नाहीतर होडीचं तोंड खाली ओढलं जातं. गाठ अशी मारा की एका हिसक्यात सुटेल. आणि तोंडाशी, हाताला लागेल असा धारदार विळा दोरीनं अडकवून ठेवा. तो आमिष कापायला वापरायचा नाही.

पत्र्याची होडी घ्यायला हरकत नाही, पण पत्रा पाण्यानं भरला की सरळ तळाला जातो. गोडेतेलाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन धुवून, झाकणं घट्ट लावून, बैठकीच्या फळ्यांखाली बांधा. मग काठाशी, कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम पाण्यानं भरून बघा. भरूनही तरंगली, तर पुढची बोलणी. रिव्हेटांतून पाझर दिसला तर डांबरानं भागवू नका, वेल्डरकडं न्या. लाईफ जॅकेट अंगात घालायचं, बुडाखाली गादी म्हणून नाही. आणि गमबूट नकोत. पाणी भरलेल्या गमबुटानं पोहता येत नाही.

आता नदी. आपण तिला गंगा म्हणतो, पण पैठणच्या खाली ती आता सलग वाहती नदी राहिलेली नाही. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, ढालेगाव, तारूगव्हाण, मुद्गल, दिग्रस, पुढं विष्णुपुरी, बाभळी, एकामागून एक बंधारे आहेत. दोन बंधाऱ्यांमधलं पाणी तळ्यासारखं निवांत दिसतं, तिथंच नवा माणूस फसतो. 27 दरवाजांचं जायकवाडी भरलं आणि वरून विसर्ग सुरू झाला की ते पाणी टप्प्याटप्प्यानं खाली येतं. तुमच्या गावात ऊन असतं आणि पूर नाशिकच्या पावसाचा असतो. बाभळीची दारं तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडीच ठेवावी लागतात, तिथं पावसाळ्याचं पाणी आणि दिवाळीनंतरचं पाणी या दोन वेगळ्या नद्या समजा. निघण्याआधी वरच्या बंधाऱ्यावर कुणीतरी ओळखीचं असू द्या आणि त्याला फोन करा. काटक्या, फेस, पाण्याचा बदललेला रंग यातलं काहीही दिसलं की गळाला मासा असला तरी काठ धरा. बंधाऱ्याच्या भिंतीखाली पाणी गोल फिरतं तिथं मासे खूप असतात, हे खरं. तिथं होडी न्यायची नाही. ते पाणी होडीला आत खेचतं आणि सोडत नाही.

सुरुवात दिवाळीनंतर करा. थंडीत मासा मंद असतो, फारसा लागणार नाही, आणि ते बरंच आहे. तेवढ्या दिवसांत वल्हं शिका. एका जागी होडी राखणं, वाऱ्यात वळवणं, जॅकेटसकट पाण्यात उतरून परत चढणं. चढायचं ते मागून, बाजूनं चढलात तर होडी अंगावर येते. फेब्रुवारीत ऊन चढलं की मासा खायला लागेल. एप्रिल-मे महिन्यात सकाळी दहाच्या आत परत. दुपारच्या वावटळीत उघड्या पाण्यावर लाटा उठतात, आणि वळवाची वीज सपाट पाण्यावर सगळ्यात उंच काय आहे ते बघते. ते तुम्ही असता, हातात कार्बनचा रॉड घेऊन.

मासा कुठं, याचं उत्तर खरं तर तुमच्या मामांच्या शेजारचा भोई देईल. दोन महिने त्याच्या होडीत पाणी उपसायला बसा. तरी थोडं सांगतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधे, मृगळ तळाला. म्हणून एकाच डोहात तिघांसाठी गळाची खोली वेगळी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल असतं, आणि ओढा येऊन मिळतो तिथं गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ दिसते. होडी रेघेवर नाही, रेघेपासून दूर लावा आणि गळ रेघेवर टाका. कणकेत करडईची नाहीतर शेंगदाण्याची पेंड मळून घ्या, गोळा पाण्यात पाच मिनिटं टिकला पाहिजे. टिकतो की नाही ते आधी घरी बादलीत बघा. वाम आणि मरळीला गांडूळ.

रॉड? सात फुटी, मध्यम, साध्या रीलचा. झालं. उरलेल्या पैशाचं जॅकेट घ्या, मामांसाठीही.

मोठा मासा लागला की उभं राहायचं नाही, आणि दोघांनी एकाच बाजूला वाकायचं नाही. मासा दमू द्या, मग हातजाळी त्याच्या डोक्याकडून घाला. शेपटीकडून घातली की तो शेवटची उडी मारतो आणि ती हमखास होडीबाहेर असते.

परवानगीचं विसरू नका. धरणं-बंधाऱ्यांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. संस्थेच्या माणसाला भेटून विचारा. त्यांनी पैसे मोजून बीज सोडलेलं असतं, तुमचा छंद त्यांचं पोट आहे. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर जाणार असाल तर ते पक्षी अभयारण्यही आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय होडी घालू नका.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा हट्ट धरतोय, मला होडीत ने म्हणून. पोहायला येतं त्याला. नेऊ का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : टाकीत पोहता येतं की नदीत? दोन्हींत फरक आहे. त्याच्या मापाचं जॅकेट आणा. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराला घातलं की ते वर तरंगतं आणि पोरगं खालून निसटतं. खांद्यांजवळ धरून उचलून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्याचं नाही. पहिल्या वर्षी काठाला समांतर, तुमच्या कमरेएवढ्या पाण्यात. गळ एकाच्याच हातात, त्याच्या. तुम्ही वल्हं धरा. दोघांचे गळ एका होडीत फिरायला लागले की पहिला मासा कुणाच्या तरी कानात अडकतो. माझ्या डाव्या कानाला खूण आहे.

प्रश्न : पावसाळ्यात पाण्यावर लाल-केशरी पिल्लांचा गोळा फिरताना दिसतो. मित्र म्हणतात, खाली मोठी मरळ असते, त्यात गळ टाकला की लगेच लागते. खरं आहे का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : खरं आहे. ती भुकेनं लागत नाही, पिल्लांवर काही आलं म्हणून धावून येते. मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून पिल्लंही सारखी वर येतात आणि गोळा तुम्हाला दिसतो. आई-बाप उचलले की बाकीचे मासे आणि बगळे तो गोळा संपवतात. मी लहानपणी एकदा बघितलाय, केशरी ठिपका हळूहळू विरळ होत गेला आणि संध्याकाळपर्यंत पाणी नुसतं पाणी राहिलं. दिवाळीनंतर या, तीच मरळ तिथंच असेल.