फवारणीची वही आणि डोक्यावरचं यंत्र

प्रश्न: डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. माझे धाकटे दीर ३१ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, दोन वर्षं तब्येत चांगली आहे, पण डोकं पहिल्यासारखं चालत नाही. गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांनी फवारणीच्या टाकीत एकच औषध दोनदा ओतलं आणि तीन ओळींची कोवळी पानं करपली. घरात सगळे आळशी म्हणतात. नाशिकच्या एका दवाखान्यात सांगितलं की डोक्यावर यंत्र लावून २० सिटिंगमध्ये बुद्धी तल्लख होईल, ४० हजार लागतील. हे शॉकपेक्षा वेगळं असतं म्हणे. करावं का?
— एक वहिनी

उत्तर: वहिनी, यंत्राचं नंतर बघू. आधी घरच्यांना माझा निरोप द्या, की भाऊजी आळशी नाहीत. आवाज ऐकू येणं, संशय घेणं ही या आजाराची गाजावाजा करणारी बाजू. लक्ष टिकवणं, दोन गोष्टी एका वेळी मनात धरून ठेवणं, झटकन ठरवणं ही दुसरी बाजू गुपचूप ढासळते, बऱ्याचदा पहिला आवाज येण्याच्याही आधीपासून. आपल्या गोळ्या आवाजांवर चांगल्या चालतात, इथे त्यांचा फारसा जोर नाही.

टाकीपाशी काय झालं असेल ते मला दिसतंय. औषध ओतलं, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, उत्तर देऊन वळेपर्यंत ‘ओतलं’ ही मनातली नोंदच पुसली गेली. मी ओपीडीत मराठी महिने उलटे म्हणायला सांगते. चैत्र ते फाल्गुन एका दमात म्हणणारा माणूस फाल्गुन, माघ, पौष इथपर्यंत येतो आणि मला विचारतो, “बाई, कुठे होतो मी?” त्याला महिने येत नाहीत असं नाही. उलट मोजताना आधीचा महिना हातातून निसटतो.

आता यंत्र. शॉकपेक्षा वेगळं, हे त्यांनी खरं सांगितलं. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन मेंदूत ठरवून फिट आणतात, आणि त्या काळातलं थोडं विसरायलाही होतं. ही नवी यंत्रं जाग्या माणसाला लावतात. पण त्यांत दोन जाती आहेत आणि तुमच्या पत्रात कुठली ते नाही.

पहिली टीएमएस. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकाच्या झटक्यानं कवटीबाहेरून मेंदू चेतवून दाखवला, तेव्हापासूनची ही वाट. इंग्रजी आठच्या आकाराचं वेटोळं डोक्यावर टेकवतात. एका प्रशिक्षणात मी स्वतः त्याखाली बसले होते. सुतारपक्षी कपाळाशी बसल्यासारखी टकटक, आणि माझा उजवा अंगठा माझी परवानगी न घेता उडाला. हसू आलं, थोडी भीतीही वाटली. त्या अंगठ्यावरूनच प्रत्येकाची मात्रा ठरते. मग वेटोळं कपाळाच्या डाव्या बाजूला वर सरकवतात, कारण मनात गोष्ट धरून ठेवण्याचं काम करणारा मेंदूचा भाग तिथे आहे.

दुसरी टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, पट्टा, आणि साधारण २० मिनिटं १ ते २ मिलिअँपिअरचा बारीक प्रवाह. खाज येते, मुंग्या येतात, बस. हा प्रवाह पेशींना पेटवत नाही, फक्त थोडं तयारीत आणतो. तुम्ही बागायतदार, तुम्हाला एका शब्दात सांगते: वापसा, म्हणजे जमीन पेरणीजोगी होणं. जमिनीला वापसा आला म्हणून पीक उगवत नाही, त्या वेळी पेरावं लागतं. म्हणूनच अनेक अभ्यासांत प्रवाह चालू असताना किंवा लगेच नंतर रुग्णाकडून आठवणीचे, लक्षाचे सराव करून घेतात. नुसता पट्टा बांधून मोबाइल बघत बसायचं असेल तर मला त्यात अर्थ दिसत नाही.

फायदा होतो का? उदासीच्या आजारात टीएमएसला भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये उदासीसाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी (ओसीडी, तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) त्याला मान्यता दिली. उदास माणसाचं मन वर आलं की त्याचं डोकंही चालायला लागतं. रविवार कारंजाजवळच्या भांड्याच्या दुकानातले माझे एक रुग्ण महिनाभराच्या टीएमएसनंतर पुन्हा गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी करू लागले. त्यातलं श्रेय आठवण सुधारण्याला किती आणि झोप, भूक, उमेद परत येण्याला किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

स्किझोफ्रेनियातल्या विचारशक्तीचं चित्र इतकं चांगलं नाही. काही छोट्या अभ्यासांत मनात धरून ठेवण्याची ताकद जराशी वाढलेली दिसली, काहींत अजिबात नाही. जर्मनीत अनेक केंद्रांवर मिळून दीडशेहून जास्त रुग्णांवर तीन आठवडे खरं आणि खोटं टीएमएस करून पाहिलं. खोटं म्हणजे तसंच दिसणारं, पण मेंदूपर्यंत काही न पोचवणारं. विचारशक्तीच्या चाचण्यांत खऱ्याचं पारडं जड ठरलं नाही. दुसरी गंमत अशी, की तीच चाचणी पुन्हा दिली की माणूस सरावानंच बरे गुण मिळवतो. माझ्याच एका रुग्णाचे आकडे सुधारले म्हणून मी खूश होते. त्याची आई म्हणाली, “बाई, कागदावर हुशार झालाय, दूध मात्र रोज उतू जातंय.”

तेव्हा ‘बुद्धी तल्लख होईल’ ही हमी मी देणार नाही, आणि जो देतो त्याच्याकडे ४० हजार मोजताना हात आखडता घ्या. तरी करायचंच ठरलं, तर विचारा: यंत्र कुठलं, सोबत सराव कोण घेणार, आधीची आणि नंतरची चाचणी कोण करणार. भाऊजींना कधी फिट आली होती का, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेलं यंत्र आहे का, दारू किती, गोळ्या कुठल्या, हे लपवू नका. टीएमएसनं फिट येणं फार दुर्मीळ, पण क्लोझापिनसारख्या गोळीनं फिटची शक्यता आधीच वाढलेली असते.

त्याआधी एक फुकटचं काम. गोळ्यांची पिशवी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. हात थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल वर्षानुवर्षं चालू आहे का बघा. तिनं विसरायला होतं. बऱ्याच जणांची ती हळूहळू कमी करता येते, पण मनानं बंद करू नका. झोपेच्या गोळीबद्दलही तिथेच बोला.

आणि बागेत एक वही ठेवा, पेन दोरीनं टाकीलाच बांधा. औषध ओतलं की झाकण लावायच्या आधी खूण करायची, वेळ लिहायची. रिकामी पुडी खिशात न घालता वहीखाली ठेवायची. पहिले पंधरा दिवस कुणीतरी शेजारी उभं राहा. नुसतं उभं. “झालं का लिहून?” असं दर मिनिटाला विचारायचं नाही, त्या हाकेनंच नोंद पुसली जाते. डिसेंबरात मला कळवा, वही कशी चाललीय ते.

प्रश्न: मी गंगापूर रोडवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. माझ्या पॉलिटेक्निकवाल्या रूममेटनं व्हिडिओ बघून नऊ व्होल्टच्या सेलवर असा पट्टा बनवलाय. पाठांतराला लावू का?

उत्तर: नको. २०१६ मध्ये मेंदूवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी अशा घरगुती प्रयोगवाल्यांना उद्देशून खुलं पत्रच छापलं होतं. स्पंज नेमका कुठे बसला यावर परिणाम उलटाही होऊ शकतो. २०१३ च्या एका प्रयोगात आकडेमोडीची नवी पद्धत लवकर शिकणाऱ्यांची, शिकलेलं सहज वापरण्याची हातोटी कमी झाली होती. शिवाय स्पंज सुकला की कातडी भाजते, आणि कपाळावर डाग घेऊन मुलाखतीला बसावं लागेल. रात्री किती झोपतोस ते पत्रात लिहिलं नाहीस. रूममेटला म्हणावं, सेल मल्टीमीटरला वापर.