रोज अंडी खाल्ली तर कोलेस्टेरॉल वाढतं का? पिवळं काढून खावं का?

पिवळं अजिबात काढू नका. ह्याच गोष्टीवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद झालेत म्हणून मुद्दाम लिहितेय.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. घरात अंडं येतच नव्हतं. बाबांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायचा, तपासणीत बी-१२ व्हिटॅमिन फारच कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, वर म्हणाले चालत असेल तर अंडंही सुरू करा. आईने वेगळं पातेलं काढलं, गॅलरीत शेगडी ठेवली, स्वतः कधी तोंडात घातलं नाही पण बाबांसाठी रोज उकडायची. आणि काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, समोर बसून पिवळं बाजूला काढायला लावायचे, हार्टला वाईट म्हणून. तेच काका सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, सोबत जिलबी, संध्याकाळी कचोरी, त्याचं काही नाही! बाबा मोठ्या भावाला उलट बोलायचे नाहीत, मुकाट्याने पांढरं खायचे. मला अजून राग येतो. अहो, बी-१२ जवळजवळ सगळं पिवळ्यातच असतं, डी व्हिटॅमिन आणि कोलीन हे मेंदूला लागणारं पोषकद्रव्यही तिथेच, म्हणजे ज्यासाठी अंडं सुरू केलं तेच कचऱ्यात.

एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरंय. पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवण्यात तूप-लोणी, डालडा, तळण ह्यांचा हात जास्त. अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनांमधली दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादासुद्धा २०१५-२०२० च्या आवृत्तीत काढली. त्यामुळे तब्येत ठणठणीत असेल तर रोज एक अंडं बिनधास्त खा. फक्त उकडलेलं अंडं आणि आमच्या इंदूरच्या छप्पन दुकानवरचा एग बेंजो (पावात घातलेलं तळलेलं ऑम्लेट) ह्यांचा हिशोब वेगळा ठेवा.

हां, डायबिटीस असेल, हार्टचा त्रास असेल किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही लोकांचं अंड्याने खरंच वाढतं. आणि कच्चं खाऊ नका, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंची भीती असते. बी-१२ फार खाली गेलं असेल तर नुसत्या अंड्याने भरून येत नाही, इंजेक्शन किंवा गोळ्या लागतातच.

आणि घरात कोणी तुमच्या ताटातलं पिवळं उचलत असेल तर वाद घालत बसू नका, लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्या, तीन-चार महिने अख्खं अंडं खा, परत करा आणि दोन्ही रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा. मी बाबांचे तसेच ठेवले होते, एलडीएल होतं तिथेच होतं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचले, नंतर पिवळ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.