कारखाना तुमच्या डोक्यात आहे, मुलीच्या नाही

प्रश्न (संक्षिप्त): अमळनेरला माझं ऑइल-ग्रीसचं दुकान आहे. पुढचा काळ पर्यावरणपूरक वंगणाचा. खान्देशात सरकीचं तेल भरपूर, म्हणून मुलीने केमिकल इंजिनिअरिंग करावं, मग कारखाना टाकू. बारावीला तिला गणितात 91, केमिस्ट्रीत 52. ती स्टॅटिस्टिक्सवर अडून बसली आहे. विषय काढला की ताटावरून उठते. तिला कसं समजवावं?

उत्तर: भाऊ, ताटावरून उठणं तुम्हाला हट्ट वाटतो, मला त्यात धास्ती दिसते. कर्ज, कारखाना, घराचं भवितव्य, सगळं तुम्ही तिच्या एका प्रवेशावर ठेवलं आहे. ज्या विषयात तिचं मन नाही त्यात चार वर्षं घालायची, तीही बापाच्या धंद्यासाठी? समजवायचं तिला नाही. सीईटी, कॅप फेरी, जळगाव विद्यापीठाची केमिकल टेक्नॉलॉजी संस्था या वाटा चांगल्या आहेत, पण ज्याला केमिस्ट्री आवडते त्याच्यासाठी. ‘स्टॅटिस्टिक्स करून आपल्याच कारखान्यात क्वालिटी बघेल’ असा नवा बेतही आखू नका.

आता सरकीचं. वनस्पतीचं तेल घातलं की झालं पर्यावरणपूरक ग्रीस, हा समज साफ चुकीचा. सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल (हवेने लवकर बिघडणारं स्निग्ध आम्ल) असतं. गरम बेअरिंगमध्ये हवा लागली की ते घट्ट होतं, राळेसारखं चिकटतं. म्हणून ओलेइक आम्ल (त्याहून टिकाऊ स्निग्ध आम्ल) जास्त असलेलं तेल किंवा टीएमपी एस्टर (स्निग्ध आम्लांपासून बनवलेलं कृत्रिम तेल) वापरतात. त्यातही मेख आहे: ग्रीस म्हणजे साबणाने घट्ट केलेलं तेल, आणि तो साबण तयार होताना सगळं एस्टर कढईत असेल तर साबणासाठी घातलेली अल्कली त्यालाच फोडते. आधी थोड्या तेलात साबण पूर्ण करून, पाणी उडवून, मग उरलेलं एस्टर घालायचं. तुमच्या लिथियम ग्रीसमध्येही बहुधा एरंडेलापासूनचं हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल असतंच, पण डब्यातला मोठा भाग खनिज तेल, म्हणून ते जैवविघटनशील ठरत नाही. ‘सहज विघटनशील’ म्हणायला ओईसीडी 301बी या आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा चाचणीत 28 दिवसांत किमान 60 टक्के विघटन लागतं.

हे शिकायची हौस तुमची आहे, तर तुम्हीच शिका. कारखान्याआधी असं पर्यावरणपूरक वंगण तयार घेऊन विकून बघा. धरणाच्या दारांचे वायररोप, करवतीच्या साखळ्या, जिथलं वंगण थेट पाण्यात किंवा मातीत जातं, तिथून सुरुवात करा. जुन्या ग्रीसवर नवं चोपडायला देऊ नका. साबण जुळले नाहीत तर ग्रीस पातळ होऊन गळतं. हायड्रॉलिक यंत्रात तेल बदलताना जुनं तेल गरम असतानाच काढा, फ्लश करा, फिल्टर बदला. जुनं खनिज तेल 2 टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. सील कोणत्या रबराचे आहेत तेही आधी विचारा.

आणि स्टॅटिस्टिक्सचा अर्ज तिला या आठवड्यात स्वतः भरू द्या. फी तुम्ही भरा.