लशीतला फ्लूचा विषाणू ओळखायचा कसा?

प्रश्न : फेरेट या छोट्या सस्तन प्राण्याच्या रक्तद्रवाने फ्लूचे स्ट्रेन म्हणजे विषाणूचे वाण ओळखता येतात. मग मोनोक्लोनल अँटिबॉडी कशाला?

लागण झालेल्या फेरेटच्या रक्तद्रवात नाना तऱ्हेच्या अँटिबॉडींची सरमिसळ असते. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या निरनिराळ्या जागांना त्या चिकटतात. त्यामुळे नवा विषाणू जुन्याहून एकंदर किती दुरावला ते कळतं. बदल नेमका कुठे झाला ते कळत नाही. मोनोक्लोनल अँटिबॉडी एकाच पेशीच्या वंशातून येते, म्हणून एकच जागा ओळखते. ती बनवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडली. पुढे काही वर्षांतच एच१ या प्रकारच्या हिमॅग्लुटिनिनवरच्या अशा जागांचा नकाशा तिच्याच मदतीने तयार झाला.

प्रश्न : एकच उत्तम अँटिबॉडी निवडली तर भागेल?

नाही. तिच्या जागी एक अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) बदललं तरी ती चिकटेनाशी होऊ शकते आणि विषाणू पार पालटल्याचा भास होतो. बदल दुसरीकडे झाला, तर तिला पत्ताही लागत नाही. संचच हवा, आणि जोडीला फेरेटचं रक्तद्रवही.

प्रश्न : लशीसाठी अंड्यात वाढवताना विषाणू बदलतो हे खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते मोनोक्लोनल अँटिबॉडीचा खरा कस इथेच लागतो. माणसाच्या घशातला विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पेशींना तितकासा सहज चिकटत नाही. तिथे रुळताना हिमॅग्लुटिनिनच्या चिकटण्याच्या खाचेभोवती बदल होतात, आणि अँटिबॉडीही नेमक्या त्याच भागाला धरतात! एकाच रुग्णाचा विषाणू अंड्यात वाढवला आणि सस्तन प्राण्याच्या पेशींत वाढवला, तर दोन्ही वेगळे ठरू शकतात, हे १९८३ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडींनीच दाखवून दिलं. २०१६-१७ च्या हंगामात एच३एन२ या फ्लूच्या उपप्रकाराचं तसंच झालं : हिमॅग्लुटिनिनच्या १६० व्या स्थानाजवळची साखरेची साखळी अंड्यातल्या लस-विषाणूवर उरली नाही, फिरत्या विषाणूवर मात्र होती. म्हणून उत्पादकांच्या हाती बीज-विषाणू (ज्यापासून लस बनते तो) देण्याआधी तो मूळच्यासारखाच आहे ना, हे तपासावंच लागतं.

प्रश्न : आता जनुकीय क्रम झटपट वाचता येतो. अँटिबॉडीची गरज उरली का?

उरली. क्रमात बदल दिसतो, त्याचं वजन दिसत नाही. १९६८ ते २००३ या काळात एच३एन२ने घेतलेली मोठी वळणं मुख्यतः हिमॅग्लुटिनिनच्या सातच स्थानांवरच्या बदलांनी घडली. बाकीच्या कितीतरी बदलांनी फारसा फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये स्ट्रेन सुचवते, त्यामुळे वेळ कमीच असतो. कोणते नमुने आधी तपासायचे, हे ठरवायला क्रम फार उपयोगी पडतो.